भिंतीएवढी फरशी

लांबी 3.2 मीटर, रुंदी 1.6 मीटर आणि जाडी फक्त 6 मिलिमीटर. पोर्सिलेनचे एवढे मोठे अखंड स्लॅब आज गुजरातेत मोरबीला तयार होतात आणि मुंबई-पुण्याच्या घरांत येऊन कुठे न्हाणीघराची भिंत होतात, कुठे टीव्हीमागची, तर थोडे जाड असले की स्वयंपाकघराचा ओटा. खाणीतला संगमरवर एवढ्या मापात इतका पातळ कापला तर उचलतानाच मोडेल, म्हणून त्याचे स्लॅब साधारण 18-20 मिलिमीटर जाड ठेवतात. दुकानात उभ्या केलेल्या पोर्सिलेनच्या स्लॅबपुढे थांबून माणसं त्याच्या शिरांचं कौतुक करतात, अगदी इटालियन मार्बल वाटतो म्हणतात. त्या शिरा इंकजेट छपाईच्या असतात आणि छपाई खरोखर सुरेख असते. मी मात्र थक्क होते ती त्याच्या सपाटपणाने. मातीचा इतका मोठा आणि इतका पातळ तुकडा भट्टीतून सरळ बाहेर येतो कसा?

माती भाजली की आकसते आणि आकसताना वाकते, हे कुंभाराला कुणी सांगावं लागत नाही. पोर्सिलेन तर सगळ्यांत हट्टी. चिनी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं हे कूळ चीनमधल्या जिंगडेझनच्या कारागिरांनी शतकानुशतकं सांभाळलं. युरोपला ते साधायला 1708 साल उजाडलं. सॅक्सनीत बॉटगर आणि चिर्नहाउस यांनी त्याचं गमक शोधलं आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. तिथे घडत होत्या त्या मुख्यतः कपबशा, फुलदाण्या, लहान पुतळे. त्याच कुळातली वस्तू दाराहून मोठी करायची तर मातीची तयारीच वेगळी लागते.

मोरबीला फेल्डस्पार राजस्थानातून येतो, माती बिकानेरहून आणि गुजरातेतून. सगळं पाण्याबरोबर बॉल मिलमध्ये तासन् तास दळून पातळ रबडा करतात आणि तो गरम हवेच्या उंच मनोऱ्यात फवारतात. थेंब खाली पोहोचण्याआधीच त्यातलं बहुतेक पाणी उडून जातं आणि तळाशी रव्यासारखे मोकळे, गोल कण जमतात. त्यांत ओलावा उरतो जेमतेम 5-7 टक्के. आधी पाणी घालायचं आणि मग तेच उडवायचं, हा उपद्व्याप कशासाठी? तर कण गोल असले की भुकटी पसरताना सारखी वाहते. एका बाजूला ती जरा जास्त पडली तर ती बाजू जास्त घट्ट दाबली जाते, भट्टीत कमी आकसते आणि स्लॅब वाकडा होतो. सपाटपणाचा निम्मा निकाल असा आग पेटण्याआधीच लागलेला असतो.

मग दाब. टाइल दाबायला दर चौरस सेंटिमीटरला 400 किलोच्या आसपास जोर लागतो. वर सांगितलेल्या स्लॅबचं क्षेत्रफळ 51,200 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की 20 हजार टनांच्या पुढे आकडा जातो! लोखंडी साचा आणि वरून दट्ट्या ही टाइलची जुनी रीत एवढ्या मापाला पुरत नाही. वाट निघाली इटलीत, मोडेना प्रांतातल्या सास्सुओलोच्या परिसरात, जिथे गावंच्या गावं टाइलवर जगतात. फिओरानो मोडेनेझे या गावी 2001 मध्ये लामिनाम ही कंपनी सुरू झाली आणि तिने 1 मीटर बाय 3 मीटरचे, अवघे 3 मिलिमीटर जाडीचे स्लॅब बाजारात आणले. साच्याच्या भिंतीच काढून टाकायच्या, ही त्यामागची कल्पना. दुसऱ्या एका पद्धतीत भुकटी चालत्या पट्ट्यावर पसरतात आणि रोलरांखालून थोडी थोडी दाबत पुढे नेतात. कच्चा स्लॅब सलग बाहेर पडत राहतो, हव्या त्या लांबीला कापायचा.

भट्टी म्हणजे शंभर मीटरहूनही लांब बोगदा. त्यात सिरॅमिकचे रूळ अखंड फिरत असतात आणि स्लॅब त्यांवरून सरकतो. सुमारे 1200 अंश सेल्सिअसला फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या फटी भरून काढतो. त्या काचेत म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि स्लॅबला बळ देतात. निसर्गात म्युलाइट दुर्मीळ आहे. त्याला नाव मिळालं ते स्कॉटलंडच्या मल बेटावरून, जिथे तप्त लाव्ह्याने मातीचे थर भाजून काढले होते. ज्वालामुखीने क्वचित केलेलं काम ही भट्टी दीड-दोन तासांत, आणि रोज करते.

या वेळी स्लॅब मऊ झालेला असतो. रूळ क्षणभर थांबले तर दोन रुळांच्या मध्ये तो झोळ खाईल. शिवाय तो आकसतो, सुमारे 7 टक्के. म्हणजे 3.2 मीटरचा स्लॅब हवा तर भट्टीत जाताना तो जवळपास 3.44 मीटरचा असावा लागतो. जवळजवळ पाव मीटर आकसून जातो आणि तरीही कडा सरळ राहतात. निवताना आणखी एक परीक्षा असते. 573 अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि त्याचं आकारमान एकदम घटतं. स्लॅबची एक कड हा टप्पा आधी ओलांडून गेली आणि दुसरी मागे राहिली तर तो तडकतो. म्हणून तेवढ्या पट्ट्यात भट्टीवाले फार सांभाळून निववतात.

एवढ्यातून निघालेला स्लॅब अर्धा टक्काही पाणी पीत नाही. हळद, कोकम, सांडलेला चहा वरच्यावर पुसला जातो. लिंबाचा रस संगमरवराची चकाकी खातो, कारण संगमरवर कॅल्शियम कार्बोनेट असतो. पोर्सिलेनला त्या आम्लाची फिकीर नाही. फक्त ग्लेझ नसलेल्या, नुसत्याच घासून चमकवलेल्या पोर्सिलेनची चौकशी करून घ्यावी. घासताना आतली बंद सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात आणि त्यांत डाग बसू शकतात.

दोन स्लॅब एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब वाटावेत असे छापून शेजारी लावतात, त्याला बुकमॅच म्हणतात. एका भिंतीवर ते देखणं दिसतं, चारही भिंतींवर डोळ्यांना थकवा येतो. माझ्या मते या वस्तूचं खरं रूप साध्या, जवळपास एकरंगी स्लॅबमध्ये उघडतं. तिथे नजरेला अडवायला ना सांधा असतो ना शीर, नुसता पृष्ठभाग आणि त्यावरचा उजेड.

पण पोर्सिलेनचं पाणी न पिणं स्लॅब भिंतीला लावताना आडवं येतं. शहाबादी फरशी सिमेंटचं पाणी शोषून पकड घेते, पोर्सिलेनची पाठ तसं करत नाही. म्हणून पॉलिमरचं अॅडहेसिव्ह हवं आणि ते भिंतीला व स्लॅबच्या पाठीला, दोन्हीकडे लावायला हवं. जाणता मिस्त्री दातेरी पट्टीने ओढलेल्या रेघा स्लॅबच्या आखूड बाजूला समांतर ठेवतो, म्हणजे दाबल्यावर हवा जवळच्या वाटेने निघून जाते. अडकली तर तिथे टिचकीला पोकळ आवाज येतो आणि जड भांडं पडलं की नेमकी तीच जागा फुटते. भिंतही तोलामोलाची लागते: 3 मीटरची सरळ पट्टी टेकवली तर फट 3 मिलिमीटरच्या आत हवी. आणि स्लॅब घेण्याआधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजावं. 6 मिलिमीटरचा स्लॅबसुद्धा 75 किलोच्या घरात असतो, वाकवून तो नेता येत नाही.

कापताना मात्र हयगय नको. यात क्वार्ट्झ आहे, आणि त्याची कोरडी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. पोर्सिलेन त्या बंदीतून वगळलं आहे, पण कापणाऱ्याच्या छातीला त्याचीही धूळ घातकच. कटरवर पाण्याची धार आणि कारागिराच्या तोंडावर चांगला मास्क, एवढं घरमालकाने आग्रहाने मागावं.

ओट्यावर सिंकसाठी चौकोन कापायचा तर चांगला कारागीर आधी कटर हातात घेतच नाही. चार कोपऱ्यांवर तो हिऱ्याच्या ड्रिलने चार गोल भोकं पाडतो आणि मग भोकापासून भोकापर्यंत कापत जातो. काटकोनात छेद गेला तर सगळा ताण त्या एका टोकाशी गोळा होतो आणि तिथून तडा निघतो, कधी त्याच दिवशी, कधी काही महिन्यांनी गरम कढई ठेवल्यावर. कोपरा गोल असला की ताण वळणावर पसरतो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल ठेवतात, तेही याच कारणाने.