भिंत खंय गेली?

विजयदुर्गचा किल्ला ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या दिवशी मराठा काळातले एकूण बारा किल्ले यादीत आले, त्यांत आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातला सिंधुदुर्ग किल्लाही. विजयदुर्ग गावात या बातमीचा परिणाम दिसला तो ओट्यावरच्या गप्पांत. मुलं मुंबईला, मागच्या खोल्या बंद, मग त्या पाहुण्यांना का देऊ नयेत? राज्याची निवास-न्याहारी योजना काही नवी नाही. पण पाहुणा ठेवायचा तर खोलीला लागून संडास-बाथरूम हवं, ते कुठे बसेल हे सांगायला इंजिनिअर हवा, आणि इंजिनिअर देवगडहून फोनवर एवढंच म्हणतो, ‘आधी प्लॅन पाठवा.’

जुन्या घरांना प्लॅन नसतो. ज्या घराबद्दल मी लिहितोय ते मालकाच्या आजोबांनी गवंड्याला खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं करून, काठीने जमिनीवर रेघा ओढून बांधून घेतलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, चौपाखी छप्पर. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, एका अंगाला वळई, मागे स्वयंपाकघर, आणि न्हाणी घरापासून सुटी. मालकांची भाची मुंबईत आर्किटेक्चर शिकते. ती सुट्टीला आली आणि म्हणाली, ‘मामा, इंजिनिअरला सांग, उद्या पाठवतो.’ फोनवर तिने चार-पाच ॲप उतरवून आणली होती. मी शेजारी, म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला मला बोलावणं आलं. ॲप असताना टेप कशाला, असं मामांनी विचारलं. भाची हसली, पण टेप तिने पिशवीतून काढलीच.

आधी यंत्राबद्दल. ॲपलने २०२० मध्ये आयपॅड प्रो आणि त्याच वर्षी आयफोन १२ प्रोच्या पाठीवर लायडार बसवला. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश समोर फेकायचा, तो वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. पल्ला साधारण पाच मीटर. साध्या आयफोनांत लायडार नसतो, प्रो मॉडेलांतच असतो. दोन वर्षांनी कंपनीने ‘रूमप्लॅन’ नावाची तयार यंत्रणा ॲप बनवणाऱ्यांच्या हाती दिली. त्यामुळे आज ॲप स्टोअरवर दिसणाऱ्या खोली मोजणाऱ्या बऱ्याच ॲपांचं वरचं वेष्टन वेगळं असलं तरी आतलं इंजिन एकच. जाहिरातीतली ‘अचूकता’ वाचून त्यांच्यात निवड करू पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

ओटीवर सुरुवात झाली. भाची फोन छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून हळूहळू सरकत होती, आणि पडद्यावर भिंतींच्या कडांना पांढऱ्या रेघा उमटत होत्या. दार आलं, दाराची चौकट आली. कोपऱ्यात आपोआप काटकोन पडला. दोन-तीन मिनिटांत पडद्याच्या तळाशी ओटी बाहुलीच्या घरासारखी उभी राहिली. पाहायला जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला तो काटकोन खटकला. टेप घेऊन आम्ही ओटीचे दोन्ही कर्ण मोजले, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. खोली काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. इथे चांगला वीतभर फरक. ओटी तिरकी आहे, आणि ती तिरकी असल्याचं मामांना लहानपणापासून माहीत आहे, कारण चटई कधी भिंतीला समांतर बसतच नाही. ॲपने मात्र तिला सरळ करून टाकलं होतं. फ्लॅटच्या खोल्या ज्यांनी डोळ्यासमोर ठेवल्या, त्यांना हे सरळ करणं सोयीचंच वाटलं असणार. काही ॲपांत ही सवय बंद करता येते, काहींत कोपरा बोटाने ओढून हलवता येतो, काहींत दोन्हीही नाही. त्या तिसऱ्या जातीचं ॲप भाचीने तिथल्या तिथे फोनवरून काढून टाकलं.

मग माजघर. इथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. लायडारला अंधार चालतो, पण ॲप एकट्या लायडारवर चालत नाही. आपण खोलीत नेमके कुठे आहोत हे त्याला कॅमेऱ्याच्या चित्रांवरून आणि फोनच्या हालचालीवरून कळतं, आणि कॅमेऱ्याला उजेड लागतो. ॲपलच्या सूचनांत किमान ५० लक्सचा आकडा आहे, म्हणजे बैठकीच्या खोलीतला संध्याकाळचा बेताचा दिवा. माजघरात तेवढाही नव्हता. शेणाने सारवलेली जमीन आणि चुन्याने एकसारखी पांढरी केलेली भिंत, दोन्हीकडे नजर ठरवायला खूण नाही. फोन गोंधळला, आणि पडद्यावर माजघराच्या आत दुसरं अर्धवट माजघर उगवलं. यावरचा उपाय साधा निघाला. घरातल्या वहिनींनी मागचं दार सताड उघडलं, बॅटरीचा कंदील मधोमध ठेवला, आणि भिंतीवर ठिकठिकाणी जुन्या कालनिर्णयची पानं टाचली. फोनला धरायला काहीतरी मिळालं. ही पानांची युक्ती अंधाऱ्या घराला लागू पडते.

सामानाची गंमत वेगळीच. ही रूमप्लॅन यंत्रणा सोफा, पलंग, टेबल, फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, अगदी भिंतीतली शेकोटीसुद्धा ओळखते आणि नकाशात चौकोन घालते. देव्हाऱ्याला तिने कपाट ठरवलं. भाताच्या कणगीकडे दुर्लक्ष केलं, जात्याकडेही. झोपाळाही नकाशात आला नाही. यात बिघडलं काहीच नाही, कणग्या उद्या हलवता येतील. पण तिने खांबही गाळले, आणि ते मात्र बिघडलं. पडवीला आणि माजघराला लाकडी खांब आहेत, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर सगळ्या छपराचा भार. आपल्याकडे जुनी माणसं घर खणांत मोजतात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, ते यासाठीच. खांब कुठे आहे हे न दाखवणारा नकाशा हाती घेऊन कुणी संडासासाठी भिंत फोडायला निघाला तर काय होईल, याची कल्पना गवंड्याला आहे, ॲपला नाही. आम्ही खांब हाताने मांडले, भिंतीपासून टेपने अंतर मोजून.

पडवीतही ॲप चुकलं. तिचं छप्पर उतरतं, ओटीकडे उंच आणि खळ्याकडे इतकं खाली की उंच माणूस वाकतो. समोर भिंत नाही, कमरेएवढा कट्टा आणि वर लाकडी गज. ॲपने कधी तिला खोली मानलं, कधी रिकामी जागा. उंची म्हणून जो एकच आकडा दिला तो पडवीत कुठेच खरा नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर भाचीने सगळ्या खोल्या जोडून पूर्ण घर पडद्यावर आणलं आणि मामांपुढे धरलं. मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, ‘गो, भिंत खंय गेली?’

‘ही काय मामा, ही रेघ.’

‘रेघ? दीड फुटाची भिंत आसा ती.’

हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा होता. फोनला दिसतं भिंतीचं फक्त आतलं अंग. पलीकडे किती चिरा आहे हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तो भिंतीला जाडीच देत नाही, किंवा ॲप आपल्या मनाने चार-सहा इंच धरतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे खपून जातं. इथे हिशेब करून बघा. दहा-दहा फुटांच्या दोन खोल्या शेजारी, भिंती तीन, प्रत्येकी दीड फुटाची. बाहेरून घर साडेचोवीस फूट, आणि नुसत्या रेघांच्या नकाशात वीस. साडेचार फूट गायब. त्यात एक संडास मावतो!

यावर तोड आहे, आणि ॲप निवडताना मी तरी पहिल्यांदा हेच बघेन. खोल्या एकेक करून वेगळ्या स्कॅन केल्या आणि मग पडद्यावर बोटाने एकमेकींना चिकटवल्या, तर भिंतींची जाडी हमखास गिळली जाते. पण एका खोलीतून दुसरीत फोन चालू ठेवून, उंबरा ओलांडून जाता आलं, तर दोन खोल्यांच्या आतल्या भिंतींमधलं खरं अंतर जपलं जातं आणि मधली फट म्हणजेच चिऱ्याची जाडी. ॲपलच्या यंत्रणेत ही सोय २०२३ पासून आहे, पण तिच्यावर उभं असलेलं प्रत्येक ॲप ती देतंच असं नाही, आणि काही ॲप ती फक्त पैसे भरणाऱ्याला देतात. भाचीने दुसऱ्या दिवशी घर असंच पुन्हा फिरून घेतलं. सलग फार वेळ चाललं की फोन तापतो आणि मापं हळूहळू सरकू लागतात. म्हणून तिने पडवीतून निघून, माजघर-स्वयंपाकघर करून, पुन्हा पडवीतच येऊन थांबायचं ठरवलं, म्हणजे सुरुवात आणि शेवट जुळतात का ते दिसतं. छोट्या खोल्यांत बोटभर फरक राहिला, लांबीच्या बाजूला चार बोटं. इंजिनिअरला तेवढं चालतं. सुताराला चालत नाही, चौकट करायची असेल तर त्याने स्वतः मोजावं.

ॲपांची दुसरी जात आहे ती रेघा न काढता दिसेल त्याचा साचा घेणारी, ‘स्कॅनिव्हर्स’सारखी. यांना भिंत म्हणजे काय, खांब म्हणजे काय हे ठाऊकच नसतं, म्हणून ती काही गाळतही नाहीत. तुळया, वासे, देवळ्या, खुंट्या, कौलांच्या फटीतून आलेला कवडसा, सगळं येतं. त्यातून प्लॅन मिळत नाही, तो आपण वरून काढायचा. पण चार महिन्यांनी इंजिनिअरने ‘त्या कोपऱ्यात तुळई आहे का?’ असं विचारलं, तर मुंबईत बसून बघता येतं. जुन्या घराला दोन्ही जाती लागतात, असं माझं मत झालं.

गावात प्रो आयफोन किती जणांकडे असणार? अँड्रॉइडवाल्यांसाठी ‘मॅजिकप्लॅन’सारखं ॲप आहे. त्यात कॅमेरा जमिनीच्या प्रत्येक कोपऱ्यावर रोखून खूण करत जायचं. अडचण एवढीच की आपल्या घरांत जमिनीचा कोपरा दिसत नाही, तिथे ट्रंक असते, नाहीतर नारळाचा ढीग. पण त्याच ॲपात खोली हाताने काढता येते आणि ब्लूटूथवाल्या लेझर मीटरचं माप थेट रेघेवर बसवता येतं. काही हजारांतलं ते यंत्र आणि साधा फोन, ही जोडी माजघरात महागड्या आयफोनला भारी पडेल, असं मला वाटतं.

घराबाहेर, मोठ्या उघड्या जागी ही यंत्रं फारशी उपयोगाची नाहीत. गिर्ये गावच्या हद्दीत, वाघोटणच्या खाडीकाठी खडकात कोरलेली, मराठा आरमाराच्या आंगऱ्यांची गोदी आहे, जुन्या नोंदींत ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. पोरांनी हट्ट केला म्हणून तिथेही फोन धरून पाहिला. पाच मीटरच्या पल्ल्याला ती कुठली पुरणार, वर ऊन इतकं की अवरक्त किरण त्यातच विरघळले.

परतल्यावर खरी अडचण आली ती नकाशा बाहेर काढताना. एका ॲपने सगळं मोजून झाल्यावर पीडीएफसाठी वर्षाची वर्गणी मागितली. दुसरं ॲप मोजलेलं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर पाठवून मगच नकाशा देणार होतं. इथलं नेटवर्क वारा पडला की येतं, वारा सुटला की जातं, आणि घराच्या आतलं सगळं चित्र, देव्हाऱ्यापासून तिजोरीच्या जागेपर्यंत, कुठल्या देशात जाऊन पडलं हे कळत नाही. इंजिनिअरला हवी होती डीएक्सएफ फाइल, म्हणजे त्याच्या संगणकातल्या कॅडमध्ये उघडणारी. गवंड्याला हवा होता फूट-इंचांतला कागद. मीटरमधला नकाशा बघून तो नम्रपणे म्हणाला, ‘वाचूक जमाचा नाय.’

एक गोष्ट मात्र यातलं कुठलंही ॲप देत नाही, आणि विजयदुर्गात ती विसरून चालणार नाही. किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. डागडुजीलाही परवानगी काढावी लागते. आपलं घर कोणत्या पट्ट्यात येतं हे खोली मोजणारं ॲप सांगू शकत नाही. भावकीतल्या वाटणीला किंवा हद्दीच्या वादालाही हा नकाशा कामाचा नाही. तिथे भूमी अभिलेखची मोजणी आणि मिळकत पत्रिकाच चालते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरवण्याआधी हद्दी चुन्याने आखतात, त्या रेघेला जे वजन आहे ते फोनच्या रेघेला नाही.

तेव्हा जुनं घर मोजायला निघालाच असाल, तर वर्गणी भरण्याआधी फुकटच्या मुदतीत एक अंधारी खोली आणि तिच्या शेजारची खोली उंबरा ओलांडून स्कॅन करा, दोन्ही कर्ण टेपने ताडून बघा, फूट-इंचांतला कागद काढून तुमच्या गवंड्याच्या हातात द्या. त्याला तो वाचता आला आणि भिंत जाड दिसली, तर ते ॲप घ्या. नाहीतर चौकडीचा कागद, टेप आणि टेपचं दुसरं टोक धरणारा शेजारी पुरेसा आहे.