कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून

घरातील साखरपुड्यासाठी छायाचित्रकाराला हजारो रुपये मोजणारे कुटुंब दारातल्या कुत्र्याचे छायाचित्र मात्र उभ्याउभ्या, वरून खाली, मोबाइलने उरकते. परिणाम ठरलेला असतो : मोठे डोके, आखूड पाय, मागे स्कूटरचे चाक आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग. दहा-बारा वर्षांचेच आयुष्य घेऊन आलेल्या सोबत्याची एवढीच खूण मागे राहावी, हे खटकण्यासारखे आहे.

एलियट अर्विट (१९२८–२०२३) या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने कुत्र्यांना विषय करून पुस्तकेच्या पुस्तके भरली. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये टिपलेल्या त्याच्या एका छायाचित्रात टोपी घातलेला चिमुकला चिवावा कुत्रा आहे, शेजारी मालकिणीचे बूट आहेत आणि त्यापलीकडे एका अजस्र ग्रेट डेनचे नुसते पुढचे पाय. माणसाचा चेहरा त्यात नाहीच. कॅमेरा जमिनीलगत आणल्याबरोबर जग चिवाव्याच्या मापाचे झाले. घरच्या छायाचित्रातही पहिली सुधारणा हीच आणि ती फुकट आहे. गुडघे दुखत असतील तर पायरीवर बसावे आणि मोबाइल उलटा धरावा, म्हणजे भिंग जमिनीजवळ येते.

दुसरी गोष्ट उजेडाची. दुकान उघडण्यापूर्वीचा सकाळचा तास व्यापारी कुटुंबांना मोकळा असतो आणि नेमके तेच ऊन तिरपे व मऊ असते. भर दुपारी तापलेल्या डांबरावर कुत्र्याला उभे करणे हे तर छायाचित्राच्या आधी त्याच्या पंजांवर अन्यायाचे आहे. मोकळ्या आकाशाकडे तोंड करून सावलीत बसवले, की डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि चेहऱ्यात जीव येतो.

रंगाचा घोळ मात्र समजून घ्यावा लागतो. कॅमेरा समोरचे सर्व काही मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून हिशोब करतो. काळ्या लॅब्रॅडोरने चौकट भरली, तर तो उजेड वाढवतो आणि कुत्रा राखाडी दिसतो. पांढऱ्या पॉमेरेनियनने भरली, तर उजेड घटवून त्याला मळकट करतो. उलट, तोच पॉमेरेनियन गर्द झाडीपुढे लहान दिसत असेल, तर त्याचे केस पांढऱ्या ठिगळासारखे विरतात. उपाय एकच : पडद्यावर कुत्र्याच्या डोळ्यावर बोट टेकवावे आणि शेजारची उजेडाची पट्टी केसांतले बारकावे दिसेपर्यंत वरखाली करावी. नाक अवाजवी मोठे दिसू नये म्हणून चार पावले मागे सरून दुप्पट झूम वापरावा. धावत्या कुत्र्यासाठी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग लागतो. मोबाइलवर सलग छायाचित्रांची सोय वापरली, तर वीसांतून दोन उत्तम हाती लागतात. एवढ्यावर समाधान मानावे.

बिस्कीट भिंगाजवळ धरले की नजर आपोआप वळते. मात्र कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला किंवा मान फिरवू लागला, तर तो कंटाळला नसून अवघडलेला असतो. तिथे थांबावे. रस्त्यालगत पट्टा सोडू नये. पट्टा दिसणारे छायाचित्र वाहनाखाली गेलेल्या कुत्र्यापेक्षा केव्हाही बरे.

या सुंदर छायाचित्रांखेरीज आणखी एक, अगदी साधे छायाचित्र प्रत्येक घरी असावे. दिवाळीत फटाक्यांच्या धास्तीने कुत्री घर सोडून पळतात. शोधाशोध सुरू झाली, की मोबाइलमध्ये चारशे छायाचित्रे सापडतात. पण एकात टोपी, दुसऱ्यात स्वेटर, तिसऱ्यात नातवाच्या मांडीवर अर्धेच अंग. त्यांवरून अनोळखी माणूस कुत्रा ओळखणार कसा? म्हणून एकदा सावलीत, कपड्यांविना, चारही पायांवर उभे करून दोन्ही बाजूंनी संपूर्ण अंग टिपावे. छातीवरचा पांढरा पट्टा, दुमडलेला कान, शेपटीचे वळण, जुन्या जखमेची खूण स्पष्ट दिसावी. चेहरा समोरूनही घ्यावा आणि ही छायाचित्रे घरातील दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावीत. वय वाढेल तसे तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, तेव्हा हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते. नवरात्र आटोपले की दिवाळीपूर्वीचे दिवस त्याला सोयीचे.