तीन आकडे, एक फुगा!

बालमित्रांनो, आलेखावरचा एक ठिपका किती गोष्टी सांगतो? दोन! एक आडव्या अक्षावरची, दुसरी उभ्या अक्षावरची. पण सांगायच्या गोष्टी तीन असतील तर?

सूर्याजवळचे चार ग्रह घ्या. प्रत्येकाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर, सूर्याभोवतीच्या एका फेरीचा काळ आणि व्यास असा :

बुध – ५.८ कोटी किमी, ८८ दिवस, ४,९०० किमी
शुक्र – १०.८ कोटी किमी, २२५ दिवस, १२,१०० किमी
पृथ्वी – १५ कोटी किमी, ३६५ दिवस, १२,७०० किमी
मंगळ – २२.८ कोटी किमी, ६८७ दिवस, ६,८०० किमी

हे आकडे एक्सेलमध्ये भरून पुष्कळजण सरळ स्तंभालेख काढतात. मग काय होतं? व्यासाचे स्तंभ गगनाला भिडतात आणि अंतराचे जमिनीला चिकटून दिसेनासे होतात. कोटी किलोमीटर, दिवस आणि किलोमीटर एकाच पट्टीने कसे मोजणार? त्रिमितीय स्तंभ दिसतात झकास, पण पुढचे उंच स्तंभ मागच्यांना झाकून टाकतात.

यावर उपाय म्हणजे बबल चार्ट, फुग्यांचा आलेख! पहिल्या रकान्यात ग्रहांची नावं, पुढच्या तिनांत अंतर, फेरीचा काळ आणि व्यास याच क्रमाने लिहा. आकड्यांचे तीनच रकाने निवडा, 'इन्सर्ट'मध्ये जाऊन बबल चार्ट घ्या. अंतर आडव्या अक्षावर जाईल, दिवस उभ्या अक्षावर आणि व्यास होईल फुग्याचा आकार. फुग्यांना नावं द्यायला मात्र विसरू नका हं! घरी एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क हा मोफत प्रोग्रॅमही फुगे काढतो.

आता खरी मेख. फुगा दुप्पट रुंद केला की त्याचं क्षेत्रफळ होतं चौपट! म्हणून लोकसंख्येसारखा आकडा नेहमी क्षेत्रफळाने दाखवावा, नाहीतर दुप्पट लोक चौपट वाटतील आणि पाहणारा फसेल. एक्सेल आपणहून क्षेत्रफळच धरतं. पण आपला आकडा आहे व्यासाचा, म्हणजे रुंदीचाच. म्हणून इथे फुग्यावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट डेटा सिरीज'मध्ये रुंदीचा पर्याय निवडा. पृथ्वी बुधाच्या सुमारे २.६ पट रुंद दिसली, की समजा जमलं!

आलेख काय सांगतो पाहा. मंगळाचं अंतर पृथ्वीच्या दीडपट, पण त्याच्या फेरीला लागतो जवळजवळ १.९ पट वेळ. अंतर आणि काळ यांच्यातला हा नियम केप्लरने १६१९ मध्ये मांडला. व्यासाचं मात्र तसं नाही. मंगळ पृथ्वीहून लांब, तरी आकाराने लहानच!

स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनी २००६ मधल्या भाषणात असेच फुगे पडद्यावर चक्क पळवले. प्रत्येक फुगा म्हणजे एक देश, आणि लोकसंख्या जितकी जास्त तितका फुगा मोठा. देशोदेशीचं जीवन कसं बदलत गेलं, ते लोकांना डोळ्यांनी दिसलं.

आता तुमची पाळी. या आलेखात गुरू घाला : ७७.८ कोटी किमी, ४,३३३ दिवस, १,३९,८०० किमी. बाकीचे ग्रह लगेच कोपऱ्यात दाटीवाटीने बसतील. असं का झालं, ते आई-बाबांना समजावून सांगा पाहू!