तारेतली वीज जाते कुठे?

परतवाड्याला संत्र्याच्या बागेत विहिरीवरची मोटर सुरू केली, की काही वेळाने तार गरम होते. ही ऊब फुकटची नाही बरे! तारेतून जाताना विजेला अडथळा होतो. त्यात थोडी वीज उष्णता होऊन जाते, आणि तिचेही पैसे आपणच भरतो.

अडथळाच नसला तर? १९११ साली हॉलंडात कामरलिंग ओन्नेस यांनी पारा शून्याखाली २६९ अंश गार केला. तेव्हा अडथळा एकदम नाहीसा झाला! अशा पदार्थाला अतिवाहक म्हणतात. पण त्याचे नखरे फार. जरा ऊब लागली, जवळ जोरदार लोहचुंबक आला, की अडथळा परत हजर.

हा शोध आपल्या मुंबईतही चालतो. थंडीला तळ आहे, तो शून्याखाली सुमारे २७३ अंशांवर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ हा धातू गार करत नेला. तळ गाठायला अंशाचा दोनहजारावा भाग उरला, तेव्हा कुठे तो अतिवाहक झाला. हे त्यांनी २०१६ साली जाहीर केले. जुने गणित त्याला लागू पडेना, म्हणून शास्त्रज्ञ कोड्यात पडले.

मोठ्या दवाखान्यांतल्या एमआरआय यंत्रांत अशा तारेची वेटोळी असतात. आपल्या विहिरीवर का नाहीत? अहो, तार गार ठेवायलाच वाचलेल्या विजेहून जास्त वीज लागेल!