स्थानिक क्षेत्र जाल
एक इमारत वा एकच आवार एवढ्या मर्यादित क्षेत्रातील संगणक, प्रिंटर इ. उपकरणे माहितीच्या देवाणघेवाणीसाठी परस्परांना जोडणारी व्यवस्था. प्रत्येक संगणकातील नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा स्वतंत्र पत्ता असतो. माहितीचे लहान तुकडे तारेवरून स्विचकडे जातात. स्विच पत्ता वाचून तुकडा योग्य त्या संगणकाकडेच धाडतो. बाहेरील जालाशी जोडणी रूटर करतो.

ईथरनेट ही प्रचलित पद्धती अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. प्रारंभी सर्वांना मिळून एकच केबल असे. दोन संगणकांनी एकाच वेळी संदेश सोडल्यास त्यांची टक्कर होई. स्विचमुळे ही अडचण संपली. अंतराची मर्यादा मात्र उरली.

तांब्याच्या पिळाच्या तारा १०० मी.पर्यंतच चालतात, तेही सु. २०° से. तापमान गृहीत धरून. उष्णतेने तांब्याचा रोध वाढतो व संदेश अधिक क्षीण होतो. नागपूरला मे महिन्यात पारा ४५° से.वर जातो, तेथे तापलेल्या छताखालून नेलेली तार आखूडच ठेवणे इष्ट. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या (स्थापना १९६०) विस्तीर्ण आवारात १०० मी. सहज संपतात. अशा ठिकाणी इमारतींदरम्यान काचेचा प्रकाशीय तंतू योग्य ठरतो. त्याचा दुसरा लाभ विदर्भातील वळवाच्या वादळांत दिसून येतो. जवळपास वीज पडल्यास तांब्याच्या तारेतून विद्युत् दाबाचा लोट येऊन अनेक उपकरणे एकदम निकामी होऊ शकतात. काच विद्युत् वाहक नसल्याने तो मार्गच राहत नाही. मात्र तंतूच्या केबलीला धातूचे कवच असल्यास ते जमिनीशी जोडावे लागते.