समुद्र नसलेल्या गावची सुट्टी

परीक्षा संपल्यावर कॅन्टीनमध्ये एकच विषय होता: सुट्टीत कोण कुठे. आमच्यातली एक जण आईवडिलांबरोबर इटलीला चालली होती, नेपल्सला. समोर निळा समुद्र, मागे ज्वालामुखी, अडीच हजार वर्षांचं जुनं शहर आणि हाकेच्या अंतरावर पॉम्पेई. सगळ्यांनी ‘वाव’ करून झाल्यावर मला विचारलं, “आणि तू?”

“देवास.”

“ते कुठे आलं?”

“इंदूरच्या अलीकडे,” मी म्हटलं. हे रेल्वेने गेलं तरच खरं आहे. मुंबईची गाडी रतलाम, उज्जैन करत आधी देवासला येते आणि मग इंदूरला. रस्त्याने गेलात तर तेच देवास इंदूरच्या पलीकडे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर असतं. पण एवढं ऐकायला कोणी थांबलं नाही. मे महिन्यात माळव्यात कोण जातं?

ई. एम. फॉर्स्टर गेला होता. आणि इटली सोडून गेला होता, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना फॉर्स्टरचं इटलीप्रेम ठाऊक असेल. १९०१च्या सुमारास तो आईबरोबर इटलीत फिरला आणि त्या प्रवासातून त्याच्या दोन कादंबऱ्या निघाल्या. १९०८ची ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ तर फ्लॉरेन्समध्येच सुरू होते. त्यातल्या इंग्रज मंडळींच्या हातात सतत बेडेकरचं गाइडबुक असतं. (हे बेडेकर जर्मन. लोणच्यांशी संबंध नाही. मला पहिल्या वर्षी खरंच शंका आली होती.) नायिकेच्या हातून ते पुस्तक जातं आणि तिला इटली दिसायला लागते. पुढे पहिल्या महायुद्धात फॉर्स्टर रेड क्रॉसच्या कामावर अलेक्झांड्रियाला होता. समुद्रकाठच्या त्या प्राचीन शहराचा इतिहास आणि मार्गदर्शिका त्याने स्वतःच लिहिली. म्हणजे जुनं शहर, समुद्र आणि गाइडबुक हा या माणसाचा जुना नाद.

देवासला यातलं काहीच नव्हतं. समुद्र शेकडो मैल लांब आणि गाइडबुक कोण लिहिणार? तरीही १९२१च्या ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तो तिथे नोकरीला आला: देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, तिसरे, यांचा खाजगी सचिव म्हणून. तेव्हा तो बेचाळिशीत होता आणि नावाजलेला लेखक होता.

इथे ‘पाती’ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या आजीच्या बोलण्यात तो शब्द अजून येतो आणि मुंबईत मी तो उच्चारला की लोकांना कांद्याची पात आठवते. मराठे माळव्यात आले तेव्हा पवार घराण्याला तिथे मुलूख मिळाले. एक शाखा धारला बसली. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ १७२८मध्ये देवासला आले. दोघांनी मिळून राज्य केलं आणि पुढे त्याच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव मात्र एकच राहिलं. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. १९४८मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे असंच चाललं. आजी सांगते, तिच्या लहानपणी कोणाकडे जायचं म्हटलं की आधी विचारायचे, ते कोणत्या पातीतले?

फॉर्स्टरला या प्रकाराची गंमत वाटली. तो पहिल्यांदा आला १९१२च्या नाताळात. तुकोजीरावांचे एकेकाळचे शिक्षक माल्कम डार्लिंग त्याच्या ओळखीचे होते, त्यांच्यामुळे. दुसऱ्या वेळी तो सहाएक महिने राहिला. कामं काय, तर बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेची व्यवस्था. हे सगळं त्याने घरी आईला आणि इतर आप्तांना पत्रांतून कळवलं आणि बत्तीस वर्षांनी, १९५३मध्ये, त्या पत्रांचं पुस्तक केलं: ‘द हिल ऑफ देवी’. ही देवीची टेकडी म्हणजे आमची माता टेकरी. वर चामुंडा आणि तुळजाभवानी, गावाच्या भाषेत छोटी माता आणि बडी माता. आता वर जायला रोपवे आहे. आजीला तो पसंत नाही. स्वतः ती गुडघ्यांमुळे वर जातच नाही, हा भाग वेगळा.

पुस्तकात फॉर्स्टर खूप हसतो. अर्धवट बांधलेला राजवाडा, उन्हाने बिघडणाऱ्या वस्तू, कुठलंच काम वेळेवर न होणं. पहिल्यांदा वाचताना मला राग आला होता. आजोबांचे वडील थोरल्या पातीत कारकून होते. म्हणजे ज्या कारभारावर हा साहेब हसतोय, त्यातल्या कुठल्या तरी फाइलवर माझ्या पणजोबांचं अक्षर असणार. यंदा देवासच्याच घरात, दुपारच्या उकाड्यात पंख्याखाली पडून दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तो स्वतःवरही तितकाच हसतो. आणि महाराजांवर त्याचा खरा जीव होता. ‘बापूसाहेब’ म्हणायचा तो त्यांना.

आता मूळ मुद्दा. फॉर्स्टर देवासला येताना एक अर्धवट कादंबरी बरोबर घेऊन आला होता. पहिल्या भेटीनंतर, १९१३मध्ये, त्याने ती सुरू केली होती आणि ती अडकली होती. भारतात गेलं की सुटेल, असा हिशेब. झालं उलटंच. प्रत्यक्ष देश समोर आल्यावर कागदावरचा देश त्याला फिका वाटायला लागला आणि देवासमध्ये कादंबरी पुढे सरकली नाही. ती पूर्ण झाली इंग्लंडला परतल्यावर आणि १९२४मध्ये आली: ‘अ पॅसेज टू इंडिया’.

या कादंबरीचे तीन भाग आहेत: मशीद, लेणी, मंदिर. बहुतेक चर्चा पहिल्या दोन भागांवर होते, कारण खटला, आरोप, इंग्रज-हिंदी संबंध सगळं तिथे आहे. तिसरा भाग ‘मऊ’ नावाच्या एका हिंदू संस्थानात घडतो आणि पुष्कळांना तो शेपटासारखा वाटतो. पण हे मऊ पुष्कळसं देवासवरून घेतलेलं आहे. त्यातला कृष्णजन्माचा उत्सव म्हणजे १९२१च्या ऑगस्टमध्ये थोरल्या पातीच्या जुन्या वाड्यात फॉर्स्टरने पाहिलेली गोकुळाष्टमी. पाहिलेली म्हणजे लांबून नव्हे. तो अनवाणी त्या गर्दीत होता. स्वतः महाराज देवापुढे गात नाचत होते.

आणि कादंबरीत त्या उत्सवाच्या मधोमध कोण उभं आहे? प्रोफेसर गोडबोले. दख्खनी ब्राह्मण, टाळ हातात घेऊन. भजनी मंडळी ज्याला आईबाप मानून आळवतात ते नाव मथुरेच्या किंवा माळव्याच्या कुठल्या संताचं नाही. ते तुकारामाचं आहे! विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी एकीच्या शेवटच्या भागात तुकोबा येतात आणि आपण मराठीवाले त्याबद्दल फार बोलत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. उत्सव कृष्णाचा, भूमी माळव्याची, दरबार मराठा, गाणारा गोडबोले आणि नाव देहूच्या वाण्याचं. हे मिश्रण फॉर्स्टरने कल्पनेने रचलेलं नाही. देवास तसंच होतं.

त्याच मंदिरात भिंतीवर एक इंग्रजी पाटीही आहे. देव आणि प्रेम यांच्याबद्दलची, योहानाच्या पहिल्या पत्रातली, आपल्या कॉलेजात कुठे ना कुठे वाचलेली असते तीच. फक्त त्यातल्या एका शब्दाची अक्षरं उलटी पडली आहेत. वर्गात यावर दोन तट पडले होते. काहींना ती थट्टा वाटली. मला विचाराल तर, स्पेलिंग चुकलं तरी अर्थ पोचतो, हेच फॉर्स्टरला तिथे सापडलं असावं. त्याला मराठी येत नव्हतं. अभंगांतला शब्द न् शब्द त्याच्या डोक्यावरून गेला असणार. तरी तो तिथून हलला नाही आणि नंतर लिहिताना शेवट त्याने तिथेच नेऊन ठेवला.

धारबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही एकच दिवस गेलो. मामाने गाडी काढली. “नेपल्स नाही तर नाही, चल तुला जहाज दाखवतो,” म्हणाला. धार ही भोजराजाची नगरी, अकराव्या शतकातली. राज्य करता करता काव्यशास्त्रापासून वास्तुशास्त्रापर्यंतचे ग्रंथ ज्याच्या नावावर आहेत, तो भोज. पवार स्वतःला त्याच परमारांचे वंशज मानतात, म्हणजे त्यांच्या लेखी माळव्यात येणं हे परत घरी येणं होतं. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. मराठेशाहीच्या शेवटच्या पेशव्याचं जन्मगाव पुणं नाही, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. लाट मशिदीजवळ एक प्रचंड लोखंडी स्तंभ आहे, तीन तुकड्यांत पडलेला. तुकडे एकत्र धरले तर लांबी तेरा मीटरच्या आसपास भरते. मशीद १४०५ची, दिलावर खान घोरीची. ‘लाट’ म्हणजे हाच स्तंभ, समुद्राची लाट नव्हे. मुंबईच्या माणसाने आधी ऐकलं तर फसतोच.

तिथून तास-दीड तासावर मांडवगड, आणि तिथे मामाचं जहाज. जहाज महाल हा पंधराव्या शतकातला, गियासुद्दीन खिलजीचा म्हणतात. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी त्या मानाने अगदी कमी, दोन्ही बाजूंना दोन तलाव: मुंज आणि कपूर. पावसाळ्यात तलाव भरले की महाल तरंगतोय असं वाटतं. आम्ही मे महिन्यात गेलेलो. मुंज तलाव पार खाली गेला होता, काठाला चिखल वाळून भेगा पडलेल्या. जहाज किनाऱ्याला लागून राहिलेलं. मामा ओशाळला. मला मात्र ते आवडलं. ज्यांनी कदाचित समुद्र कधी पाहिला नसेल, त्यांनी दगडात जहाज बांधलं आणि वर्षभर पावसाची वाट पाहिली.

तुकोजीराव महाराजांना मात्र शेवटी खरोखरचा समुद्र मिळाला, पण वाईट रीतीने. त्यांचं लग्न १९०८मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी, अक्कासाहेबांशी झालं होतं. ते टिकलं नाही. मुलगा विक्रमसिंह दुरावला (पुढे १९४७मध्ये तो दत्तक जाऊन कोल्हापूरचा छत्रपती झाला). संस्थान कर्जात बुडालं, इंग्रज सरकारचा दाब वाढला आणि १९३३च्या सुमारास महाराज देवास सोडून पाँडिचेरीला गेले. तो मुलूख फ्रेंचांचा, तिथे इंग्रजांचा हात पोचत नव्हता. १९३७मध्ये तिथेच वारले. समुद्रकाठच्या परक्या गावात, टेकरीपासून इतक्या दूर. ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक विनोदी म्हणून सुरू होतं आणि शेवटी ते एका मित्रासाठीचा शोकलेख होतं, ते यामुळे.

याच गावात आणखी एक माणूस गप्प होऊन आला होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय देवासवरचा लेख पुरा होत नाही. कुमार गंधर्व १९४८च्या सुरुवातीला क्षयाने आजारी होऊन इथे आले, कोरड्या हवेसाठी. गाणं बंद. काही वर्षं ते अंथरुणावर पडून बाहेरचं ऐकत राहिले: बायकांची माळवी गाणी, भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजनं. त्यातून नवे राग निघाले आणि बरे झाल्यावर जे गाणं सुरू झालं ते पहिल्यासारखं राहिलं नाही. फॉर्स्टरची कादंबरी इथे थांबली, कुमारांचं गाणं इथे थांबलं. दोघांनीही थांबलेल्या काळात जे कानावर पडलं तेच पुढे वापरलं. हवेचा गुण म्हणावा का? दिवसा ४२ अंश आणि रात्री गच्चीवर चादर घ्यावी लागते अशी ही हवा. ‘शब-ए-मालवा’ उगाच म्हणत नाहीत.

यंदा मी देवासला इतके दिवस राहिले त्याला कारण होतं. मामा इंदूरला स्थायिक झालाय, आजी दिवाळीनंतर त्याच्याकडे जाईल आणि घर विकायचं ठरलंय. घेणारे कुटुंब भलं आहे, हिंदी बोलणारं. गल्लीत मराठी घरं आता दोनच उरली आहेत. आजी भाजीवाल्याशी हिंदीत, कामवाल्या बाईशी माळवीत आणि देवाशी मराठीत बोलते. मामाच्या मुलांना मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी भुट्ट्याचा कीस, आणि सगळ्यावर शेव. त्यात तक्रारीला जागा नाही.

निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर मी आजीला गोकुळाष्टमीचं ते प्रकरण वाचून दाखवलं, म्हणजे इंग्रजीतून तिथल्या तिथे मराठी करत. गोडबोल्यांचा टाळ, गुलाल, ताटातलं मातीचं गोकुळ तळ्यात सोडणं. तिने मध्ये दोनदा थांबवलं. एकदा म्हणाली, “गोकुळ सोडायला जातात तेव्हा पुढे कोण असतं ते लिहिलंय का त्याने?” मग पान उलटताना म्हणाली, “अगं, आणि सुंठवडा? एवढा उन्हातान्हाचा आला बिचारा, त्याला सुंठवडा दिला की नाही कोणी?”

मी बॅटरीच्या उजेडात मागची पानं चाळायला लागले. आजी म्हणाली, “राहू दे, सकाळी बघ. गाडी किती वाजताची आहे?”