खताच्या देशात कोरडे कालवे

जॉर्फ लास्फर (मोरोक्को) :

कासाब्लांकाच्या दक्षिणेला, अटलांटिकच्या काठावर, जॉर्फ लास्फर नावाचं बंदर आहे. फॉस्फेटी खतं बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना-समूह इथं उभा आहे. धक्क्यावर गंधक उतरतं आणि डीएपी जहाजात भरलं जातं. बंदराकडे पाठ केली की समोर दुक्कालाचं मैदान सुरू होतं. तिथली काळी जमीन विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल : ओली झाली की चिकट, वाळली की भेगाळणारी. या मैदानात जवळपास एक लाख हेक्टरांवर कालव्यांचं जाळं आहे. साखर-बीट हे तिथलं मोठं पीक, आणि सिदी बेनूरला त्याचा साखर कारखाना. पण २०२१ नंतर सलग काही हंगाम या कालव्यांना शेतीचं आवर्तन सुटलंच नाही. ज्या जिल्ह्यातून जगभरच्या शेतांना खत जातं, तिथल्याच शेतात बीट पेरायला पाणी नव्हतं. मोरोक्को समजून घ्यायचा तर या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आधी फॉस्फेटच्या दगडाबद्दल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के, म्हणजे ५० अब्ज टन, मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. सुमारे सात ते पाच कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचत गेलेल्या थरांमधून हा दगड तयार झाला, म्हणून खुरिब्गा इथल्या फॉस्फेटच्या खाणींतून अजूनही शार्कचे दात निघतात आणि बाजारात विकले जातात. नत्र हवेतून काढता येतं, पण स्फुरद कारखान्यात निर्माण करता येत नाही. ते खणूनच काढावं लागतं, आणि पिकाला त्याच्या बदली दुसरं काही चालत नाही. जगाच्या अन्नाच्या दृष्टीनं मी या दगडाला तेलापेक्षा मोठा मानतो. तेलाला पर्याय सापडताहेत, याला सापडणार नाही.

फ्रेंच राजवटीत, मार्शल लिओते इथले रेसिडेंट-जनरल असताना, १९२० मध्ये हा दगड खासगी कंपन्यांच्या हाती न देता सरकारी मक्तेदारीखाली आणला गेला. त्यासाठी स्थापलेली संस्था म्हणजे आजची ओसीपी. पुढच्याच वर्षी खुरिब्गाजवळ खाणकाम सुरू झालं आणि माल आगगाडीनं कासाब्लांकाला जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतरही मक्तेदारी तशीच राहिली, मालक बदलला. मला खरं कौतुक त्यानंतरच्या निर्णयाचं वाटतं. साठच्या दशकात साफी बंदरात आणि ऐंशीच्या दशकात जॉर्फ लास्फरला रसायन कारखाने उभारून या देशानं ठरवलं, की नुसता दगड विकायचा नाही. त्याचं आम्ल आणि खत इथंच करायचं. खनिज निर्यात करणाऱ्या किती देशांना हे जमलं?

२०१४ पासून खुरिब्गाहून जॉर्फ लास्फरला दगड नळातून येतो. तो दळून, धुऊन, पाण्यात कालवून १८७ किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनमध्ये सोडला जातो. खाणीचं पठार समुद्रसपाटीपासून बरंच उंच असल्यामुळे प्रवासाचं पुष्कळसं काम उतारच करतो. पूर्वी हाच दगड भट्टीत सुकवायचा, गाडीत भरायचा आणि कारखान्यात पुन्हा भिजवायचा, असा उलटा खर्च होता. तो वाचला आणि वर्षाला सुमारे ३० लाख घनमीटर पाणीही वाचलं.

पण या उद्योगाला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी मोरोक्कोत नाहीत. दगडातलं स्फुरद जसंच्या तसं पिकाला घेता येत नाही. त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून फॉस्फरिक आम्ल काढावं लागतं आणि त्यात अमोनिया मिसळला की डीएपी होतं. गंधक आणि अमोनिया, दोन्ही जहाजानं बाहेरून येतात. त्यामुळे आखातात किंवा काळ्या समुद्रात युद्ध पेटलं की इथल्या खताचा हिशेब बिघडतो. गंधकाम्ल बनताना निघणाऱ्या उष्णतेवर वाफ आणि वीज तयार करून कारखाना बराचसा स्वतःच्या पायावर चालतो, ही चांगली बाजू. वाईट बाजू जिप्समची. आम्लातल्या प्रत्येक टन स्फुरदामागे सुमारे पाच टन जिप्सम उरतं आणि इथं ते वर्षानुवर्षं समुद्रात सोडलं गेलं. साफी हे एकेकाळी सार्डिन माशांसाठी जगभर नावाजलेलं बंदर होतं. त्याच किनाऱ्यावर हा कचरा ओतणं मला कुठल्याही निर्यातीच्या आकड्यानं भरून निघणारं वाटत नाही.

आपला या कारखान्यांशी संबंध नुसत्या गिऱ्हाइकाचा नाही. भारताला वर्षाला जवळपास एक कोटी टन डीएपी लागतं. त्यातलं निम्म्याहून अधिक तयार स्वरूपात आयात होतं आणि देशात बनतं त्यासाठीही दगड किंवा आम्ल बहुतांश बाहेरूनच आणावं लागतं. जॉर्फ लास्फरच्या आवारातच फॉस्फरिक आम्लाचा एक कारखाना ओसीपी, चंबल फर्टिलायझर्स आणि टाटा केमिकल्स यांच्या समान भागीदारीत चालतो. पाकिस्तानी भागीदारीतला आम्लाचा कारखानाही त्याच आवारात आहे. गोव्यात झुआरीनगरला १९७३ पासून चालणारा खत कारखाना २०२२ मध्ये पारादीप फॉस्फेट्सकडे गेला, आणि त्या कंपनीत ओसीपीची मोठी भागीदारी आहे. म्हणजे खरिपाच्या तोंडावर आपल्याकडे डीएपीच्या गोणीसाठी रांग लागते, तेव्हा तिचं एक टोक खुरिब्गाच्या खाणीत असतं.

७० टक्क्यांच्या त्या आकड्यात पश्चिम सहाराच्या बू क्राची खाणही धरलेली आहे. तिथून समुद्रापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून दगड जातो. स्पेननं १९७५-७६ मध्ये तो प्रदेश सोडल्यावर मोरोक्कोनं तिथं ताबा घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या लेखी त्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. २०१७ मध्ये तिथला दगड घेऊन न्यूझीलंडला निघालेलं जहाज दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला अडवलं गेलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयानं मालावरचा हक्क पोलिसारिओ या तिथल्या स्वातंत्र्य-चळवळीच्या बाजूनं मान्य केला. ओसीपीच्या एकूण उत्पादनात बू क्राचा वाटा छोटा आहे. पण तिथल्या लोकांच्या संमतीचा प्रश्न टनांत मोजता येत नाही.

आता पाणी. मोरोक्कोत लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे चार-पंचमांश कोरडवाहू आहे. २०२१ मध्ये पाऊस चांगला झाला आणि धान्य १०.३ कोटी क्विंटल पिकलं. पुढच्याच वर्षी ते ३.४ कोटी क्विंटलवर आलं. खत याच देशात तयार होतं, पण पावसाचा भरवसा नसेल तर कोरडवाहू शेतकरी ते विकत घेऊन मातीत घालणार कशाला? पाण्याशिवाय स्फुरद मुळांपर्यंत पोचतच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजा मोहम्मद सहावे यांनी प्रजेला आवाहन केलं, की यंदा बकरी ईदला मेंढ्यांची कुर्बानी देऊ नका. देशातलं पशुधन २०१६ च्या तुलनेत ३८ टक्क्यांनी घटलं होतं. दुष्काळाची खोली मला कुठल्याही तक्त्यापेक्षा या आवाहनातून कळली.

आणि ही गत धरणं न बांधणाऱ्या देशाची नाही. राजा हसन दुसरे यांनी साठच्या दशकात दहा लाख हेक्टर ओलिताखाली आणायचं ठरवलं आणि नव्वदच्या दशकात ते साध्य झालं. दुक्कालाला पाणी देणारं उम्म एर-रबिया नदीवरचं अल मसिरा धरण आपल्या जायकवाडीच्या जवळपास क्षमतेचं आहे. २०२४ च्या सुरुवातीला त्यात पाच टक्केही पाणी उरलं नव्हतं. याच काळात ओलिताखालच्या भागांतून युरोपला टोमॅटो, बेरी आणि कलिंगडं जात राहिली. २०२२ मध्ये सरकारनं कलिंगड, ॲव्होकाडो आणि नव्या संत्राबागांच्या सिंचनाचं अनुदान बंद केलं. माझ्या मते हे पाऊल फार उशिरा पडलं. गव्हाची आयात वाढत असताना वाळवंटाच्या कडेला, झागोरासारख्या भागात, भूजल उपसून कलिंगड पिकवणं हा पाण्याचा नव्हे, परकीय चलनाचा हिशेब होता.

आता सारी मदार समुद्रावर आहे. आगादीरजवळ शतूकाचा प्रकल्प २०२२ पासून रोज २,७५,००० घनमीटर पाणी गोडं करतो. त्यातलं निम्म्याच्या आसपास शेतीला, मुख्यतः टोमॅटोच्या हरितगृहांना मिळतं. अनुदानानंतरही ते शेतकऱ्याला घनमीटरला सुमारे पाच दिरहॅम पडतं. निर्यातीच्या टोमॅटोला हा भाव झेपतो, गव्हाला आणि बीटाला झेपत नाही. म्हणजे समुद्राचं पाणी धान्याच्या शेतात येणार नाही, हे आजच स्पष्ट आहे.

दुक्कालाची आशा वेगळ्या वाटेनं येते. ओसीपीनं कारखान्यांसाठी समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं आणि तेच पाणी अल जदीदा आणि साफी या शहरांना द्यायला सुरुवात केली. कासाब्लांकासाठी वर्षाला ३० कोटी घनमीटरचा, म्हणजे साडेदहा टीएमसीचा, प्रकल्प २०२४ मध्ये बांधायला घेतला आहे. ही शहरं समुद्राचं पाणी पिऊ लागली, की त्यांच्यासाठी राखलेलं नदीचं पाणी धरणात उरेल, आणि ते कुणाला द्यायचं हे राजधानी राबातला ठरवावं लागेल. ते आधी दुक्कालाच्या गहू-बीट करणाऱ्या लहान शेतकऱ्याला मिळालं पाहिजे. फॉस्फेटचं उत्पन्न या देशाच्या तिजोरीत आहे, तंत्र हाताशी आहे आणि कालवेही बांधलेले आहेत. आता त्या कालव्यांतून पहिलं आवर्तन कुठल्या पिकासाठी सोडायचं, एवढंच राबातनं ठरवायचं आहे.